ठिपके जोडणारं यंत्र : ग्राफिंग कॅल्क्युलेटर घेण्याआधी

ऑगस्ट संपत आला की न्यू जर्सीतल्या ताईचा फोन हमखास येतो, कारण तिकडे शाळा उघडायच्या बेतात असतात. या वेळी बोलणं अडलं ते शाळेनं पाठवलेल्या यादीतल्या एका ओळीवर. वह्या, फायली, पेन्सिलींच्या खाली लिहिलं होतं : ‘टीआय-८४ प्लस सीई किंवा त्यासारखा ग्राफिंग कॅल्क्युलेटर’. दुकानात विचारलं तर सव्वाशे ते दीडशे डॉलर. भाऊजींचं म्हणणं, फोनवर ‘डेस्मॉस’ हे आलेखाचं अ‍ॅप फुकट मिळतं, फोनचा पडदा मोठा, आलेख बोटानं हवा तसा सरकवता येतो; मग एवढे पैसे या जाडजूड यंत्रासाठी कशाला घालायचे?

भाचीचा प्रश्न निराळाच होता. “मावशी, मैत्रिणीच्या कॅल्क्युलेटरवर मी एक समीकरण टाकलं आणि आलेखाचं बटण दाबलं. पडद्यावर नुसते दोन अक्ष आले, बाकी काहीच नाही. बिघडलाय का तो?”

मी पुण्यात आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या मुलांना गणित शिकवते. हे दोन्ही प्रश्न दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकते. आईवडील किमतीचं विचारतात, मुलं कोऱ्या पडद्याचं. हे यंत्र आत नेमकं काय करतं हे एकदा कळलं, की कोऱ्या पडद्याचा उलगडा तर होतोच, पण कोणता कॅल्क्युलेटर घ्यायचा हेही बरंचसं ठरून जातं. म्हणून दुकानात जाण्याआधी जरा आत डोकावू.

९९१च्या पुढची एक पायरी

महाराष्ट्रात अभियांत्रिकी शिकलेल्या जवळपास प्रत्येकाच्या दप्तरात कधी ना कधी कॅसिओचा एफएक्स-९९१ होता. त्याच्या नव्या मॉडेलांत ‘टेबल’ नावाची एक सोय असते. तुम्ही सूत्र द्यायचं, कुठपासून कुठपर्यंत आणि किती अंतरानं ते सांगायचं. कॅल्क्युलेटर क्षच्या प्रत्येक किमतीला यची किंमत काढून दोन रकाने भरून देतो. दहावीला आलेख काढताना आपण वहीत असाच तक्ता आखायचो : वर क्ष, खाली य, आणि शेवटच्या ओळीत कंसातल्या जोड्या.

त्यानंतर आपण काय करायचो? आलेख कागद घ्यायचा, उजव्या कोपऱ्यात प्रमाण लिहायचं, एकेक जोडी बिंदूनं दाखवायची आणि बिंदू जोडायचे. ग्राफिंग कॅल्क्युलेटर एवढंच काम जास्त करतो. तक्ता तोच, फक्त पुढचा आलेख कागद त्याच्या पडद्यात आहे आणि बिंदू द्यायला पेन्सिलीऐवजी पडद्यावरचे बारीक चौकोनी ठिपके आहेत. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात.

बाजारात आलेला पहिला ग्राफिंग कॅल्क्युलेटर कॅसिओचाच होता, १९८५ सालचा एफएक्स-७०००जी. त्याच्या पडद्यावर आडवे ९६ आणि उभे ६४ ठिपके होते. म्हणजे सगळे मिळून ६,१४४. अमेरिकी शाळांमध्ये पुढे ज्याचं राज्य झालं त्या टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या, म्हणजे टीआयच्या, २००४ सालच्या टीआय-८४ प्लसचा पडदाही ९६ गुणिले ६४ एवढाच. २०१५मध्ये आलेल्या रंगीत ‘सीई’ मॉडेलमध्ये तो ३२० गुणिले २४० झाला.

ठिपक्यांची रांगोळी

दारात रांगोळी काढताना आधी कागद लावून समान अंतरावर ठिपके पाडतात आणि मग ते जोडतात. मधल्या जागेत काय आहे याच्याशी ठिपक्यांना देणंघेणं नसतं. ग्राफिंग कॅल्क्युलेटर अगदी हेच करतो.

य = क्ष² हे सूत्र दिलं की त्या यंत्राला ‘वक्र’ दिसत नाही. पडद्याच्या डाव्या कडेच्या पहिल्या उभ्या रांगेला क्षची किंमत किती, ते तो ठरवतो. ती सूत्रात घालतो. आलेली यची किंमत पडद्याच्या कितव्या आडव्या रांगेत बसते ते बघतो आणि तिथला ठिपका काळा करतो. मग पुढची रांग. जुन्या टीआय-८४वर आलेखासाठी अशा ९५ रांगा वापरल्या जातात, म्हणजे सूत्र ९५ वेळा सोडवायचं. शेवटी शेजारशेजारचे ठिपके सरळ रेघांनी जोडायचे. रेघा इतक्या आखूड असतात, की आपल्याला त्यांचा गोलसर वक्र दिसतो.

जुन्या यंत्रावर आलेख डावीकडून उजवीकडे हळूहळू सरकत येताना दिसतो. माझ्या विद्यार्थ्यांना ते संथ वाटतं. मला मात्र शिकवताना तो संथपणा फार उपयोगी पडतो, कारण एकेक बिंदू काढला जातोय हे मुलांना डोळ्यांनी बघता येतं. फोनवर आलेख एका क्षणात पुरा उमटतो आणि तो मोजून काढलेला आहे, हे मुलांच्या मनातून निसटून जातं.

एक बारीकशी गोष्ट इथेच सांगते, कारण ती प्रत्येक मुलाला कोड्यात टाकते. टीआय-८४ सुरू केला की क्षची व्याप्ती उणे १० ते १० अशी असते. ९५ रांगांमध्ये ९४ अंतरं, म्हणून एकेक पाऊल २० भागिले ९४ एवढं, सुमारे ०.२१२८. त्यामुळे आलेखावरून बाण चालवला की क्ष = १, क्ष = २ असे सुबक आकडे न येता ०.२१२७६५९६ असले काहीतरी येतात. त्यावर उपाय त्या यंत्रातच आहे. ‘झूम’च्या यादीत ‘झेडडेसिमल’ निवडलं की व्याप्ती उणे ४.७ ते ४.७ होते, ९.४ भागिले ९४ म्हणजे पाऊल बरोबर ०.१. सीई मॉडेलवर हीच सोय उणे ६.६ ते ६.६ घेते आणि पाऊल ०.०५ येतं. ४.७ किंवा ६.६ ही विचित्र संख्या आली कुठून, याचं उत्तर पडद्याच्या ठिपक्यांत आहे.

खिडकीबाहेरचा आलेख

आता भाचीच्या कोऱ्या पडद्याकडे वळू. तिचं समीकरण होतं य = क्ष² − २०क्ष + १५०. पडदा ही एक खिडकी आहे असं समजा. सुरुवातीला ती आडवी उणे १० ते १० आणि उभीही उणे १० ते १० एवढीच उघडी असते. या समीकरणात यची सर्वांत लहान किंमत ५०, आणि तीही क्ष = १० असताना. म्हणजे संपूर्ण आलेख खिडकीच्या वर कुठेतरी आहे. कॅल्क्युलेटरनं सगळी आकडेमोड इमानेइतबारे केली, पण एकही ठिपका पडद्यावर बसला नाही.

मी तिला खिडकी बदलायला सांगितली : क्ष ० ते २०, य ० ते १५०. लगेच कढईसारखा आकार उमटला, तळ बरोबर मधोमध.

आपण आलेख कागदाच्या कोपऱ्यात ‘क्ष-अक्षावर १ सेमी = १ एकक, य-अक्षावर १ सेमी = १० एकक’ असं लिहायचो. बरीच मुलं ते फक्त अर्ध्या गुणासाठी लिहायची. पण खिडकी निवडणं म्हणजे ते प्रमाण ठरवणंच. आधी एकदोन किमती मनात काढून बघायच्या, य साधारण किती मोठा होईल याचा अंदाज घ्यायचा आणि मग खिडकी उघडायची. ही सवय नसलेल्या मुलाला महागातला महाग कॅल्क्युलेटरही कोरा पडदा दाखवतो. खिडकी बरोबर असली तरी आणखी एक चूक नेहमी होते. कॅल्क्युलेटर अंशांवर ठेवलेला असताना साइन क्षचा आलेख काढला, तर लाटेऐवजी सपाट रेघ येते. क्ष उणे १० ते १० म्हणजे फक्त १० अंशांपर्यंत, आणि १० अंशांची साइन जेमतेम ०.१७. ती लाट दोन-तीन ठिपक्यांच्या उंचीतच मावून जाते. रेडियनवर नेलं की लाट दिसू लागते.

ठिपक्यांच्या मध्ये काय होतं

रांगोळीचे ठिपके विरळ असले तर नक्षीचा बारीक भाग हरवतो. कॅल्क्युलेटरचंही तसंच.

य = १ भागिले (क्ष − २) घ्या. क्ष २च्या जवळ डावीकडून आला की य खाली पाताळात जातो. २ ओलांडला की एकदम वर आभाळात. प्रत्यक्ष २ला किंमतच नाही. आलेखाचे दोन तुकडे आहेत आणि ते एकमेकांना कुठेही भेटत नाहीत. पण टीआय-८४च्या नेहमीच्या खिडकीत एक ठिपका पडतो सुमारे १.९१वर आणि पुढचा २.१३वर. पहिल्याला य उणे ११.७५, दुसऱ्याला ७.८. बिचारं यंत्र ठिपके जोडण्याचा आपला नेम पाळतं आणि वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ ओढतं. मुलं ती रेघ उत्तरपत्रिकेत उतरवतात आणि गुण जातात. नव्या मॉडेलांत अशा जागा ओळखून रेघ न जोडण्याची सोय आहे, तरीही पडद्यावर उभी भिंत दिसली की सूत्रात छेद शून्य होतोय का हे बघायचंच.

शून्य कुठे, चढ किती

ग्राफिंग कॅल्क्युलेटरकडून शाळेत मुख्यतः चार कामं अपेक्षित असतात : हव्या त्या खिडकीत आलेख काढणं, आलेख क्ष-अक्षाला कुठे छेदतो ते शोधणं, एखाद्या बिंदूपाशी वक्राचा चढ काढणं, आणि वक्राखालचं क्षेत्रफळ काढणं. अमेरिकेतल्या एपी कॅल्क्युलस परीक्षेची नियमावली याच चार गोष्टी मागते. पहिलं काम आपण पाहिलं.

दुसऱ्यासाठी लहानपणचा खेळ आठवा. ‘मी मनात शंभरातला एक आकडा धरलाय, ओळख.’ शहाणं मूल आधी पन्नास म्हणतं. ‘जास्त’ असं उत्तर आलं की पंचाहत्तर. प्रत्येक वेळी उरलेली जागा निम्मी. कॅल्क्युलेटर म्हणूनच तुम्हाला विचारतो, ‘डावी हद्द कोणती, उजवी हद्द कोणती?’ क्ष² − २ = ० सोडवायचं आहे असं धरा. १ला उत्तर ऋण, २ला धन. म्हणजे शून्य मध्ये कुठेतरी आहे. १.५ घेतलं, धन आलं. मग ते १ आणि १.५च्या मध्ये. १.२५ घेतलं, ऋण, मग १.२५ आणि १.५च्या मध्ये. असे वीस वेळा अर्धे केले की चूक दहा लाखांत एका भागाहून कमी उरते. प्रत्यक्षात यंत्रं याहून चतुर, लवकर पोचणाऱ्या पद्धती वापरतात. पण वक्र सलग असेल तर धनाकडून ऋणाकडे जाताना वाटेत शून्य लागणारच, हा आधार तोच राहतो. म्हणूनच (क्ष − २)² सारखा आलेख, जो अक्षाला नुसता टेकून परत वर जातो, त्याच्यापाशी हे यंत्र बऱ्याचदा अडखळतं. चिन्ह बदलतच नाही, तर शून्य सापडणार कसं?

चढाचं काम त्याहून सोपं आणि त्याहून फसवं आहे. डोंगराच्या वाटेवर एका जागी उभे आहात. तिथला चढ किती, हे कळायला एक पाऊल पुढची उंची घ्या, एक पाऊल मागची उंची घ्या, फरक काढा आणि दोन पावलांच्या अंतरानं भागा. टीआय-८४ नेमकं हेच करतो आणि त्याचं पाऊल आपण बदललं नाही तर ०.००१ असतं. बहुतेक वक्रांसाठी उत्तर फार छान येतं.

पण आता व्ही आकाराच्या घळीच्या तळाशी उभे राहा. पुढचं पाऊल जेवढं वर, मागचंही तेवढंच वर. फरक शून्य. यंत्र म्हणतं, चढ शून्य, जमीन सपाट! गणितात ही घळ म्हणजे क्षचं केवलमूल्य, आणि क्ष = ०पाशी तिला चढच नाही, कारण तिथे टोक आहे. टीआय-८४ला हा प्रश्न घाला, तो शांतपणे ० असं उत्तर देईल. मी दरवर्षी वर्गात हे करून दाखवते. ज्या मुलाला ‘इथे डेरिव्हेटिव्ह नसतो’ हे वाक्य पाठ असूनही कधी कळलं नव्हतं, त्याला ते यंत्राच्या त्या चुकीच्या शून्यातून कळतं.

क्षेत्रफळाचं एका वाक्यात सांगायचं तर, वाकड्या बांधाचं शेत मोजताना त्याच्या अरुंद पट्ट्या पाडून एकेकीचं क्षेत्रफळ मिळवत जावं, तसंच काहीसं हे यंत्र करतं, फक्त त्याची पद्धत अधिक चतुर असते.

मग एवढं महाग का?

आता भाऊजींच्या प्रश्नाकडे. टीआय-८४ प्लसच्या पोटात झायलॉग कंपनीच्या झेड८० या चिपच्या घराण्यातली चिप आहे. झेड८० पहिल्यांदा १९७६मध्ये आली. १९८० सालच्या ‘पॅक-मॅन’ या खेळाच्या यंत्रातही तीच होती. टीआय-८४ प्लसवर तिचा वेग १५ मेगाहर्ट्झ आणि वापरायला स्मरण २४ किलोबाइट. तुमच्या फोनवरचा एक फोटो त्यात मावणार नाही.

तरी किंमत टिकून आहे, कारण पालक इथे चिप विकत घेत नाहीत, परवानगी विकत घेतात. फोनला परीक्षेच्या खोलीत प्रवेश नाही; या यंत्राला आहे, कारण त्याला इंटरनेट नाही, कॅमेरा नाही, कुणाला निरोप पाठवता येत नाही. त्याचा दुबळेपणा हीच त्याची पात्रता.

दुसरं कारण शिक्षकांचं. ओहायो स्टेट विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक फ्रँक डेमाना आणि बर्ट वेट्स यांनी आलेखाचं यंत्र मुलांच्या हातात द्यायला हवं, असं आग्रहानं मांडलं आणि त्यासाठी शिक्षकांना शिकवायला सुरुवात केली. त्यातून ‘टीचर्स टीचिंग विथ टेक्नॉलॉजी’ हा उपक्रम उभा राहिला आणि टीआय त्याच्या पाठीशी आली. टीआयचा पहिला ग्राफिंग कॅल्क्युलेटर, टीआय-८१, १९९०चा. १९९५पासून एपी कॅल्क्युलसनं ग्राफिंग कॅल्क्युलेटर सक्तीचा केला. मग पाठ्यपुस्तकांत टीआयच्या बटणांचीच चित्रं आली. शिक्षकाला बोटांवर तीच बटणं बसली, मोठ्या भावाचं यंत्र धाकट्या बहिणीला चालू लागलं. दुसरी कंपनी कितीही स्वस्त आणि चांगलं यंत्र घेऊन आली, तरी वर्गात ‘आता दुसरं बटण दाबा’ असं शिक्षक म्हणाले की ते मूल एकटं पडतं. मला ही स्थिती योग्य वाटत नाही. एखाद्या विषयाची दारं एकाच कंपनीच्या बटणांनी उघडावीत, याचा भार कमी पैसेवाल्या घरांवर जास्त पडतो. पण मूल शाळेत जायला निघालेलं असताना या वस्तुस्थितीकडे डोळेझाक करूनही चालत नाही.

बीजगणित करणारी यंत्रं

घेताना सर्वांत महागात पडणारी चूक इथे होते. काही कॅल्क्युलेटर आकडेच नाही तर अक्षरंही सोडवतात. क्ष² − ५क्ष + ६ दिलं की (क्ष − २)(क्ष − ३) असे अवयव पाडून देतात. याला ‘कॉम्प्युटर अल्जिब्रा सिस्टिम’, म्हणजे थोडक्यात सीएएस, म्हणतात. टीआय-८९, टीआय-एनस्पायर सीएक्स सीएएस, एचपी प्राइम, कॅसिओचा क्लासपॅड ही त्यांतली नावं. दुकानदार ‘यात सगळंच आहे’ म्हणून दाखवतो, आईवडिलांनाही वाटतं की घेतोय तर चांगलाच घ्यावा. आणि परीक्षेच्या दाराशी तो काढून घेतला जातो. आयबीत सीएएस चालत नाही; अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षांपैकी एसीटीत चालत नाही, आणि २०२५मध्ये एसएटीनंही त्याला मनाई केली. एपी कॅल्क्युलसमध्ये चालतो.

परीक्षेचे नियम यंत्राचं रूपही कसं ठरवतात, याचं एक जुनं उदाहरण आहे. टीआय-९२ हे १९९५चं यंत्र बीजगणित उत्तम करायचं, पण त्याला टंकलेखन यंत्रासारखी पूर्ण अक्षरांची पाटी होती, आणि अशा पाटीची यंत्रं परीक्षांना वर्ज्य होती. १९९८मध्ये टीआय-८९ आला, तो जवळजवळ त्याच ताकदीचा, पण नेहमीच्या कॅल्क्युलेटरच्या आकारात आणि त्या पाटीशिवाय.

---

चौकट : कोणत्या परीक्षेला काय?

एसएटी : आता संगणकावर होते आणि गणिताच्या संपूर्ण भागात डेस्मॉस पडद्यावरच मिळतं. स्वतःचा कॅल्क्युलेटरही नेता येतो, सीएएस नाही.

एपी कॅल्क्युलस : काही भाग कॅल्क्युलेटरशिवाय, काही भागांत ग्राफिंग कॅल्क्युलेटर आवश्यक. २०२५पासून परीक्षेच्या ‘ब्लूबुक’ या प्रणालीत इथेही डेस्मॉस आहे.

आयबी डिप्लोमा : ‘अ‍ॅनालिसिस अँड अ‍ॅप्रोचेस’च्या पहिल्या पेपरला कॅल्क्युलेटर नाही, बाकी पेपरांना ग्राफिंग हवा. ‘अ‍ॅप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन’मध्ये सगळ्याच पेपरांना हवा.

केंब्रिज ए लेव्हल गणित (९७०९) : ग्राफिंग कॅल्क्युलेटर चालत नाही, साधा सायंटिफिक.

राज्य मंडळ, सीबीएसई, जेईई : कॅल्क्युलेटरच नाही. घेण्याची गरज नाही.

नियम दरवर्षी तपासा. पैसे देण्याआधी परीक्षा मंडळाची त्या वर्षाची यादी बघा.

---

मग कोणता घ्यायचा?

आधी शिक्षकांना विचारा, वर्गात कोणता वापरता? त्यांचं उत्तर टीआय-८४ असेल आणि मूल या विषयात चाचपडणारं असेल, तर तोच घ्या. वर्ग सुरू असताना ‘माझ्याकडे ही बटणं कुठे आहेत?’ हे शोधण्यात गणित निसटतं. मूल धीट असेल, यंत्राशी खेळत स्वतः शिकणारं असेल, तर कॅसिओचा एफएक्स-९७५०जी-थ्री बघा. रंगीत नाही, पण शाळेचं सगळं काम करतो आणि किमतीला टीआयच्या निम्म्याच्या आसपास पडतो. रंगीत हवा असेल तर कॅसिओचा एफएक्स-सीजी५०. पुण्या-मुंबईच्या आयबीच्या वर्गांत मला टीआयबरोबर तोही दिसतो. २०१७मध्ये फ्रान्समधून आलेल्या ‘नमवर्क्स’ची मांडणी मला सर्वांत सुटसुटीत वाटते. फोन वापरणाऱ्या मुलाला त्याचा पडदा शिकवावाच लागत नाही.

रंग ही चैन वाटते खरी, पण तीन आलेख एकाच पडद्यावर आले की काळ्या-पांढऱ्यात कोणता कुठला, हे कळेनासं होतं. दोन वर्षांचं काम असेल तर रंगीत पडद्याला मी नाही म्हणणार नाही. अपूर्णांक छापल्यासारखा वर-खाली दिसतो का, हे मात्र नक्की बघा. एका ओळीत कंसांवर कंस टाकून लिहिताना मुलं भागाकाराचा कंस विसरतात आणि निम्म्या चुका तिथेच होतात.

वीजही लक्षात घ्या. सीई मॉडेल चार्ज करावं लागतं आणि त्याला मिनी-यूएसबी केबल लागते. आजच्या फोनची केबल त्यात बसत नाही, म्हणून पेटीतली केबल जपून ठेवा आणि परीक्षेच्या आदल्या रात्री आठवणीनं चार्ज करा. जुन्या टीआय-८४ प्लसमध्ये चार एएए सेल घालायचे. ते कुठल्याही दुकानात मिळतात.

आणि वापरलेलं यंत्र घ्यायला अजिबात कचरू नका. फोन पाच वर्षांत म्हातारा होतो. २००४ सालचा टीआय-८४ प्लस आजही तीच चार कामं तितकीच बरोबर करतो. कॉलेजात गेलेल्या मुलांची यंत्रं कपाटात पडून असतात. बघून घेताना सेलचा कप्पा उघडा, तारांवर पांढरी-हिरवी पूड नाही ना बघा. पडद्यावर काही आलेख काढा, एखादी रांग कायम पांढरी राहते का बघा. प्रत्येक बटण एकदा दाबा. सीएएसचं मॉडेल नाही ना, हे नावावरून पुन्हा एकदा खात्री करून घ्या.

मूल नववीत असेल आणि शाळेनं सक्ती केली नसेल, तर घाई करू नका. घरी अभ्यासाला डेस्मॉस पुरेसं आहे, फुकट आहे, आणि बोटानं सरकणारा आलेख बघून मुलाला सूत्रातल्या प्रत्येक अक्षराचा परिणाम उमगतो. कॅल्क्युलस किंवा आयबीची दोन वर्षं सुरू होण्याच्या सुमारास यंत्र घ्या, पण परीक्षेच्या आठवड्यात नको. बोटांना बटणं सापडायला दोनतीन महिने लागतात, आणि परीक्षेच्या आधी यंत्र कोरं करायला लावतात किंवा परीक्षेच्या स्थितीत ठेवायला सांगतात, तेही आधी करून बघितलेलं बरं.

ताईनं अखेर शेजारच्या घरातून, कॉलेजला गेलेल्या मुलीचा टीआय-८४ प्लस सीई घेतला, नव्याच्या निम्म्या किमतीत. भाचीला मी एक गृहपाठ दिला : रेडियनवर ठेव, झेडडेसिमल घे आणि साइन (२० × पाय × क्ष) हा आलेख काढ.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. “मावशी, सपाट रेघ आली. मी रेडियनवरच होते, दोनदा बघितलं.”

“मग एखादी किंमत हातानं घालून बघ ना.”

“बघितली. ०.०२५ घातलं तर उत्तर १ आलं. पण आलेख म्हणतो सगळीकडे शून्य.” थोडा वेळ ती गप्प राहिली. “थांब. याचं पाऊल ०.०५चं आहे. ०.०५ला पण शून्य येतं, ०.१ला पण, ०.१५ला पण. तो फक्त शून्यावरच पाय ठेवतोय. लाटा सगळ्या मध्ये आहेत!”

सिनेमात गाडीचं चाक जोरात फिरत असतं आणि तरी कधी कधी जागेवर उभं दिसतं. कॅमेरा प्रत्येक वेळी आरे त्याच जागी आलेले असतानाच टिपतो. मी ते सांगायला तोंड उघडलं, पण ती ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हती. फोन टेबलावर टेकवून तिनं वहीचं पान ओढलं, ० आणि ०.१च्या मधली जागा मोठी करून आखली आणि पेन्सिलीनं पहिला ठिपका दिला, ०.०२५वर, एक एकक उंच.